गर्भपात १९७१ पासून कायदेशीर आहे, मग मागणं काय उरलं?

स्त्री-अभ्यासात एम.ए. करणाऱ्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न थोडक्यात असा: "वसाहतवादातून बाहेर पडलेल्या समाजांमधले प्रजनन हक्क, असा विषय आम्हाला आहे. अमेरिकेत बायका आजही गर्भपातासाठी झगडतात. आपल्याकडे १९७१ पासून कायदा आहे. तांबी, गोळ्या, ऑपरेशन सरकारी दवाखान्यात फुकट आहे. मग इथल्या स्त्रीवाद्यांची तक्रार नेमकी काय आहे? गर्भपाताचा हक्क मागायचा आणि मुलीचा गर्भ पाडायला विरोध करायचा, यात विसंगती नाही का? आणि मुळात ही भाषाच पाश्चात्त्य नाही का?"

मी बरीच वर्षं ग्रामीण महाराष्ट्रात बायकांच्या आरोग्याचं काम करते. आशाताईंची प्रशिक्षणं घेणं, बाईबरोबर दवाखान्यात जाणं, गर्भपातासाठी आलेली बाई घाबरलेली असते तेव्हा तिच्याशी बोलणं, हे माझं रोजचं काम. म्हणून उत्तराची सुरुवात दवाखान्यापासूनच करते.

तालुक्याच्या रुग्णालयात एक बाई येते. दोन मुली आहेत, धाकटी अजून अंगावर पिते. पाळी चुकून दोन महिने झालेत आणि हे मूल तिला नको आहे. सिस्टर केसपेपर बघून विचारतात, "नवरा आलाय का? त्याची सही लागेल." तो कारखान्यावर आहे, असं ती सांगते. मग सिस्टर म्हणतात, "ऑपरेशन करून घेणार असशील तर खाली करून देऊ, नाहीतर निदान तांबी तरी बसवून घे." आणि मग आवाज खाली आणून, "सोनोग्राफी कुठे केलीस? मुलगी आहे म्हणाले का?" आठ-नऊ आठवड्यांच्या गर्भाचं लिंग सोनोग्राफीत दिसत नाही, हे विचारणाऱ्या सिस्टरांनाही ठाऊक असतं. बाई संध्याकाळी परत जाते. चार दिवसांनी कुणाच्या तरी ओळखीने गोळ्या मिळवते, आणि रक्तस्राव थांबेना म्हणून त्याच रुग्णालयात रात्री येते.

हे मी इतक्या ठिकाणी पाहिलं आहे, की एखाद्या सिस्टरला किंवा एखाद्या रुग्णालयाला दोष देऊन काही हाती लागणार नाही. कायद्यात यातला एकही प्रश्न नाही. अठरा वर्षं पूर्ण झालेल्या बाईला गर्भपातासाठी फक्त स्वतःची संमती पुरते. नियमांमधला 'नमुना सी' हा संमतीचा कागद आहे, त्यावर नवऱ्याच्या सहीला जागाच नाही. गर्भपाताच्या बदल्यात नसबंदी किंवा तांबी घ्यावी, असंही कुठे लिहिलेलं नाही. तरी हे प्रश्न विचारले जातात, कारण प्रत्येकामागे मोठा इतिहास उभा आहे. बाईचं शरीर नवऱ्याचं आणि कुळाचं ही समजूत, लोकसंख्या हा देशाचा शत्रू हे सरकारी धोरण, आणि गर्भलिंगनिवडीविरुद्धच्या कायद्याची उलटी बसलेली धास्ती. तुमच्या प्रश्नाचं उत्तर या तिन्हींत आहे.

आधी कायदा. गर्भपात हा गुन्हा आपल्याकडे लेखी स्वरूपात आला तो १८६० च्या भारतीय दंडसंहितेतून. कलम ३१२ नुसार गर्भपात करणाराही गुन्हेगार आणि करवून घेणारी बाईही; बाईचा जीव वाचवण्यासाठी केला असेल तेवढाच अपवाद. व्हिक्टोरियन इंग्लंडची नीती अशी इथल्या समाजावर येऊन बसली, पण इथे तिच्या तावडीत सापडल्या त्या मुख्यतः विधवा. पुनर्विवाहाला बंदी, घरातल्याच पुरुषांकडून जबरदस्ती, आणि दिवस राहिले की एकीकडे जातीची भीती आणि दुसरीकडे तुरुंगाची. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं ते याच बायकांसाठी: गुपचूप या, सुरक्षित बाळंत व्हा, मूल न्या किंवा ठेवा. तिथे येणाऱ्या बाईला कुणी पाप विचारत नव्हतं. १८८१ साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला नवजात मुलाला मारल्याबद्दल फाशी सुनावली गेली, पुढे ती कमी झाली. त्या खटल्याच्या निमित्ताने वर्तमानपत्रांनी एकूण स्त्रीजातीवर जी चिखलफेक केली, तिने संतापून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली लेखणी उचलली आणि सरळ विचारलं, की बाईला त्या अवस्थेला नेणारा पुरुष कुठे आहे?

ही भाषा पाश्चात्त्य आहे का, असं कुणी विचारलं की मी पुण्याच्या या घराकडे आणि बुलढाण्याच्या या बाईकडे बोट दाखवते. इंग्लंड-अमेरिकेतल्या कुणाकडून घ्यायची वाट त्यांनी पाहिली नव्हती.

पण वसाहतवादाने आणखी एक गुंता करून ठेवला. 'हिंदू बायकांना आम्ही वाचवतो' हा राज्य करण्याचा एक नैतिक आधार म्हणून इंग्रजांनी वापरला. त्याला उत्तर देताना राष्ट्रवादी पुढाऱ्यांनी घर, विवाह आणि बाईचं शरीर हे परक्या सत्तेला हात लावू न देण्याचं क्षेत्र ठरवलं. रखमाबाईंनी १८८० च्या दशकात मुंबईच्या न्यायालयात लहानपणी लावून दिलेल्या नवऱ्याकडे जायला नकार दिला, तेव्हा किती टोकाचं लिहिलं गेलं ते वाचा. संमतिवयाचं विधेयक १८९१ साली आलं. दहाऐवजी बारा वर्षं, एवढीच मागणी होती, आणि बंगालमध्ये फुलमणी नावाची कोवळी मुलगी नवऱ्याच्या संभोगाने मेली होती. तरी टिळकांसारख्या नेत्याने त्याला विरोध केला, आमच्या धर्मात परक्या सरकारने ढवळाढवळ करू नये म्हणून. टिळकांच्या राजकीय कामाबद्दल माझ्या मनात आदर आहे, पण या जागी ते चुकले असं मला स्पष्टपणे वाटतं. दोन पुरुषी सत्तांच्या भांडणात मुलीचं शरीर हे रणांगण झालं, आणि तिला काय हवं हे दोन्हीकडून कुणी विचारलं नाही.

हे फक्त आपल्याकडे घडलं असं नाही. आयर्लंडही इंग्रजांची वसाहत होती. स्वातंत्र्यानंतर 'आम्ही इंग्रजांपेक्षा वेगळे, आम्ही कॅथलिक' ही ओळख त्या देशाने बायकांच्या गर्भाशयावर कोरली आणि १९८३ साली गर्भाच्या जिवाचा हक्क आईच्या जिवाइतकाच, अशी घटनादुरुस्ती केली. २०१२ साली गॉलवेच्या रुग्णालयात सविता हलप्पनवार यांचा गर्भपात आपोआप सुरू झालेला असताना, गर्भाचे ठोके चालू आहेत म्हणून डॉक्टर थांबले आणि जंतुसंसर्गाने त्या गेल्या. त्या आपल्या शेजारच्या बेळगावच्या. २०१८ साली आयर्लंडच्या जनतेने मतदान करून ती दुरुस्ती काढून टाकली, तेव्हा डब्लिनच्या भिंतीवर सविताचं चित्र होतं. बांगलादेशात १८६० चं तेच कलम अजून जसंच्या तसं आहे. तिथे गर्भपात गुन्हा, पण 'पाळी नियमित करणं' ही सेवा १९७९ पासून सरकारी कार्यक्रमात आहे. गर्भ आहे की नाही याची खातरजमा न करता पाळी आणून दिली जाते. कायद्याने बाई गुन्हेगार, आणि तरी सेवा हाताशी. आपल्याकडे कायदा मोकळा, आणि बाई बाकावरून परत. कायद्याचं पुस्तक वाचून हक्काची मोजदाद का होत नाही, ते या दोन शेजाऱ्यांकडे बघून कळतं.

आता १९७१. आपला वैद्यकीय गर्भपात कायदा महाराष्ट्राचे मंत्री शांतिलाल शहा यांच्या समितीच्या शिफारशींवरून आला. असुरक्षित गर्भपातांत बायका मरत होत्या, ही समितीची खरी चिंता होती, आणि त्या कायद्याने असंख्य बायका वाचल्या याबद्दल मला शंका नाही. पण त्याचं तिसरं कलम नीट वाचा. बाईला गर्भपाताचा हक्क आहे, असं तिथे म्हटलेलं नाही. अमुक अटी पाळल्या तर नोंदणीकृत डॉक्टर गुन्हेगार ठरणार नाही, असं म्हटलं आहे. मूळ गुन्हा कायम. तो आज भारतीय न्याय संहितेच्या ८८ व्या कलमात आहे. बाईला नको आहे, हे कारण पुरत नाही. तिच्या शारीरिक किंवा मानसिक आरोग्याला धोका आहे, असं डॉक्टरचं मत व्हावं लागतं. गर्भनिरोधक निकामी ठरल्याचं कारण तर १९७१ ते २०२१ पर्यंत फक्त विवाहितेलाच मिळत होतं. २०२१ च्या दुरुस्तीने 'नवरा' जाऊन 'जोडीदार' आला, वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरेसं झालं आणि काही गटांसाठी मर्यादा चोवीस आठवड्यांवर गेली. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ ला अविवाहितेलाही तोच लाभ दिला आणि या कायद्यापुरता नवऱ्याने केलेला बलात्कारही बलात्कार मानला. आम्ही त्या दिवशी कार्यालयात पेढे वाटले.

मग ऑक्टोबर २०२३ आलं. सव्वीस आठवड्यांची गरोदर, दोन मुलांची आई, बाळंतपणानंतरच्या मानसिक आजाराने त्रासलेली, मूल अंगावर पीत असल्याने पाळीच येत नव्हती म्हणून गर्भ उशिरा कळलेला. त्याच न्यायालयाच्या एका खंडपीठाने आधी परवानगी दिली, मग न्यायमूर्तींत दुमत झालं, आणि शेवटी तिघांच्या पीठाने नाकारली. खालच्या डॉक्टरांच्या मंडळापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत सगळे तिच्या पोटाबद्दल बोलले. जे हक्क म्हणून मिळालेलं नसतं ते दर वेळी नव्याने मागावं लागतं, याचं याहून स्पष्ट उदाहरण मला देता येणार नाही. दक्षिण आफ्रिकेने वर्णद्वेषी राजवट गेल्यावर १९९६ साली जो कायदा केला, त्यात पहिल्या बारा आठवड्यांपर्यंत बाईने मागितलं, एवढंच कारण पुरतं. म्हणजे गुलामीतून बाहेर पडलेला देश असं लिहू शकतो.

सिस्टरांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते, कारण इथल्या स्त्रीवादी चळवळीचा पिंड त्यातून घडला.

संततिनियमनाचा विचार आपल्याकडे दोन वाटांनी आला. एक वाट रघुनाथ धोंडो कर्वे यांची. १९२१ साली मुंबईत त्यांनी संततिनियमन केंद्र काढलं, पुढे विल्सन कॉलेजातली नोकरी गेली, १९२७ पासून मरेपर्यंत 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवलं, अश्लीलतेचे खटले झेलले. त्यांचं म्हणणं होतं, की बाईला आई कधी व्हायचं, व्हायचं की नाही, आणि शरीरसुखाचा आनंद भीतीशिवाय घ्यायचा की नाही, हे तिचं तिने ठरवावं. १९३४ च्या खटल्यात त्यांचं वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलं. खटला हरले, तरी भूमिका सोडली नाही. १९३८ साली मुंबई विधिमंडळात आंबेडकरांच्या पक्षाचे पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला. आंबेडकरांनी तयार केलेल्या त्या भाषणाचा एक मुद्दा असा होता, की बाळंतपणाच्या कळा पुरुषांना सोसाव्या लागल्या असत्या तर एकाहून जास्त मूल त्यांच्यातल्या कुणीच होऊ दिलं नसतं. ठराव पडला. त्याआधी १९३५ साली वर्ध्याला संततिनियमनाचा प्रचार करणाऱ्या अमेरिकेतल्या मार्गारेट सँगर गांधीजींना भेटल्या होत्या, आणि गांधीजी संयमापलीकडे काही मान्य करायला तयार नव्हते. बाईच्या बाजूने, तिच्या देहाच्या बाजूने बोलणारी आपली परंपरा अशी अल्पमतातली, पण अस्सल देशी आहे.

दुसरी वाट लोकसंख्येची. गरीब फार पैदा होतात, त्यांना आवरा. स्वतंत्र भारताने १९५२ पासून सरकारी कुटुंबनियोजन सुरू केलं तेव्हा वळण घेतलं ते या दुसऱ्या वाटेचं. परदेशी निधी, परदेशी तज्ज्ञ, आणि मुक्कामाला 'टार्गेट'. आणीबाणीत ते उघडं पडलं. १९७६-७७ या एका वर्षात ८० लाखांहून अधिक नसबंद्या झाल्या, बहुतेक पुरुषांच्या. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर सक्तीच्या नसबंदीचं विधेयकच मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झालं नाही. १९७७ साली सरकार पडलं आणि पुढाऱ्यांनी त्यातून एक धडा घेतला: पुरुषांना हात लावायचा नाही. मग सगळा भार बायकांवर आला, कारण बाया मतपेटीतून बदला घेणार नाहीत असा हिशेब होता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत विवाहित जोडप्यांपैकी ३७.९ टक्क्यांत बाईचं ऑपरेशन झालेलं दिसतं आणि ०.३ टक्क्यांत पुरुषाचं. महाराष्ट्रात बाईच्या ऑपरेशनचं प्रमाण जवळपास निम्मं आहे. पुरुषाचं ऑपरेशन सोपं आणि कमी धोक्याचं, हे डॉक्टर रोज सांगतात. गावात मी ते सांगते तेव्हा सर्वांत आधी सासू म्हणते, "त्याला जड काम असतं." सून दिवसभर काय उचलते, ते तिच्या डोळ्यांसमोर असतं.

शिबिरांत काय होतं ते न्यायालयाच्या कागदांवर आहे. जानेवारी २०१२ मध्ये बिहारच्या अररिया जिल्ह्यात एका शाळेत ५३ बायकांची ऑपरेशनं दोन तासांत, टॉर्चच्या उजेडात झाली. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडात बिलासपूरजवळ, बंद पडलेल्या एका इमारतीत एका सर्जनने काही तासांत ८३ बायकांवर बिनटाक्याच्या शस्त्रक्रिया केल्या. १३ बायका गेल्या. देविका बिस्वास यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली ही शिबिरं बंद करायला सांगितलं. यातला एक तपशील विसरू नका. बैगा या आदिवासी जमातीची संख्या घटते आहे म्हणून १९७९ च्या सरकारी आदेशाने त्यांना नसबंदी करण्यावर बंधन होतं. म्हणजे त्याच प्रदेशात दलित-ओबीसी बाईला ट्रॅक्टरमध्ये बसवून आणायचं, आणि चार-पाच बाळंतपणांनी खंगलेल्या बैगा बाईने स्वतः मागितलं तर नाही म्हणायचं. बैगांना आरोग्यसेवकांसह उच्च न्यायालयात जावं लागलं, तेव्हा २०१८ साली ते बंधन उठलं. एकीला सक्ती, दुसरीला मनाई. दोघींपैकी कुणालाही विचारलेलं नाही.

म्हणून आपल्या चळवळीने सेवा कमी मिळते एवढीच तक्रार कधी केली नाही. १९८० च्या दशकात हैदराबादच्या स्त्री शक्ती संघटनेने 'नेट-एन' या गर्भनिरोधक इंजेक्शनच्या चाचण्यांविरुद्ध सर्वोच्च न्यायालय गाठलं. हा प्रयोग आहे, असं चाचणीतल्या बायकांना कुणी धड सांगितलंच नव्हतं. क्विनाक्रिनच्या गोळ्या गर्भाशयात टाकून नसबंदी करण्याचा प्रकार १९९८ साली बंद झाला, तोही बायकांनी लावून धरल्यावर. तीन महिन्यांचं दुसरं एक इंजेक्शन २०१७ पासून 'अंतरा' या नावाने सरकारी कार्यक्रमात आहे, आणि त्याबद्दल आमच्यात आजही मतभेद आहेत. नवऱ्याला आणि सासूला कळू न देता घेता येतं म्हणून ते मागणाऱ्या बायका मला भेटतात. महिनोन्महिने अंगावर जातं, किंवा पाळी बंदच होते, आणि विचारायला गेलं तर सिस्टर म्हणतात 'होतं असं', हेही त्याच बायका सांगतात. माझं मत असं, की जिथे दुष्परिणामांचं ऐकून घ्यायला माणूस नाही तिथे ते देऊ नये. माझ्या काही जवळच्या मैत्रिणींना हे पटत नाही. त्या म्हणतात, बाईला कमी पर्याय देऊन तिचं भलं कसं होईल? त्यांच्या म्हणण्यातही तथ्य आहे.

दोन अपत्यांची अटही याच वाटेवरची. महाराष्ट्रात सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालेल्यांना पंचायतीची निवडणूक लढवता येत नाही. २००५ पासून सरकारी नोकरीसाठी लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र लागतं. राखीव जागेवर पहिल्यांदाच उभी राहू शकणारी बाई या अटीत अडकते, कारण तिसऱ्यांदा दिवस गेले ते मुलगा हवा म्हणून, आणि तो हट्ट बहुतेक वेळा तिचा नसतो.

इथून तिसरा प्रश्न, तुमच्या 'विसंगती'चा. १९७० च्या दशकात गर्भजल तपासणी आली ती गर्भातले दोष शोधायला, आणि लगेच मुलगी शोधायला वापरली गेली. सरकारी धोरणकर्त्यांपैकी काहींना त्यात लोकसंख्येवरचा उपाय दिसला, हे लक्षात ठेवा. मुंबईत १९८० च्या मध्यात गर्भलिंगनिवडीविरुद्धचा मंच उभा राहिला आणि महाराष्ट्राने १९८८ साली देशातला पहिला कायदा केला. केंद्राचा १९९४ चा. मंचातल्या कार्यकर्त्यांनी पहिल्या दिवसापासून एक काळजी घेतली: बंदी तपासणीवर मागितली, गर्भपातावर नाही. मूल नको हे म्हणणं एक, आणि मूल हवं पण मुलगी नको हे म्हणणं वेगळं. पहिल्यात बाई स्वतःच्या आयुष्याबद्दल ठरवते. दुसऱ्यात समाज ठरवतो, की अर्ध्या माणसांनी जन्मूच नये, आणि त्याची अंमलबजावणी तिच्या पोटावर करतो. केंद्राच्या कायद्याचं २४ वं कलम तर असं गृहीत धरतं, की तपासणी बाईने नवऱ्याच्या किंवा सासरच्या दबावाखाली करवली. यात मला विसंगती दिसत नाही.

अंमलबजावणीत मात्र घोटाळा झाला. महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे मुली १९९१ साली ९४६ होत्या, २००१ साली ९१३, २०११ साली ८९४. बीड जिल्ह्यात ८०७. सांगली जिल्ह्यात म्हैसाळला २०१७ साली पुरलेले १९ भ्रूण सापडले. राग येणं साहजिक होतं. पण त्या रागाची पोस्टरं झाली त्यांत गर्भ आईशी बोलू लागला, 'आई मला मारू नकोस'. सोनोग्राफीचं यंत्र चालवणारा डॉक्टर चित्रात नव्हता, मुलगा मागणारा बाप नव्हता, आई तेवढी होती. अधिकाऱ्यांनी गर्भपाताच्या नोंदी तपासायला सुरुवात केली, औषध दुकानदारांनी कटकट नको म्हणून गर्भपाताच्या गोळ्या ठेवणं सोडलं, डॉक्टर तीन महिन्यांपुढच्या बाईला दारातून परत पाठवू लागले. २०१५ साली भारतात सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले असा संशोधकांचा अंदाज आहे, आणि त्यातले जवळपास तीन चतुर्थांश दवाखान्याबाहेर, गोळ्या घेऊन. सुरुवातीला सांगितलेली बाई त्यातलीच.

या प्रश्नाची एक बाजू मला अजूनही अस्वस्थ करते. मुलगी म्हणून गर्भ पाडणं चूक, तर अपंग असेल म्हणून पाडणं? चळवळीतल्या अपंग मैत्रिणींनी हे आम्हाला तोंडावर विचारलं आहे. १९९४ साली शिरूरच्या शासकीय वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्यात ससूनमध्ये काढण्यात आली. पाळीच्या वेळी त्यांची स्वच्छता राखणं जमत नाही, हे कारण दिलं होतं. स्त्री संघटनांनी आवाज उठवल्यावर पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या. गर्भातला दोष कळल्यावर बाईने काय करावं, हे मी तिच्यासाठी ठरवणार नाही. पण मूल अपंग जन्मलं तर त्याचं सगळं तिच्या एकटीवर पडणार, हे ज्या समाजात ठरलेलं आहे, तिथे तिचा निर्णय मोकळा आहे असंही मला म्हणता येत नाही.

म्हणूनच १९९४ साली शिकागोत काळ्या स्त्रियांनी 'प्रजनन न्याय' ही मांडणी केली, ती मला आपल्या कामाला जास्त जवळची वाटते. मूल न होऊ देण्याचा हक्क, होऊ देण्याचा हक्क, आणि झालेलं मूल सुरक्षित वाढवण्याचा हक्क, तिन्ही एकत्र. गोऱ्या बायका गर्भपात मागत होत्या तेव्हा प्वेर्तो रिकोत आणि अमेरिकेच्या दक्षिण भागात गरीब बायकांच्या नसबंद्या होत होत्या, हे त्यांना अनुभवाने माहीत होतं.

बीडच्या ऊसतोडीवर हे तिन्ही हक्क एकाच बाईच्या बाबतीत मोडलेले दिसतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत सुट्टी नाही. एक दिवस पडलं तर खाडा, म्हणजे मजुरी तर जातेच, वर दंड. कोपीत राहायचं, संडास नाही, पाण्याला लांब जायचं, पहाटे चारला उसाच्या फडात. अशात पाळी म्हणजे संकट. अंगावरून पांढरं जातं म्हणून खाजगी डॉक्टरकडे गेलं की तो सोनोग्राफीचा कागद दाखवून म्हणतो, पिशवी खराब आहे, कॅन्सर होईल. उचलीतून पैसे घेऊन तिशी-पस्तिशीतली बाई पिशवी काढून घेते. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. तपासलेल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड बायकांपैकी १३ हजारांहून अधिक बायकांची पिशवी काढलेली निघाली. आता जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीची अट आहे. या बायकांच्या प्रत्येक कागदावर त्यांचा अंगठा किंवा सही आहे. कायद्याच्या भाषेत त्यांनी निवड केली.

शोधनिबंधासाठी एक सांगते. सिद्धान्त वाचाच, पण आपल्या तालुक्याच्या रुग्णालयात गर्भपाताची सेवा आठवड्यातून किती दिवस चालते, 'नमुना सी' मराठीत ठेवला आहे का, नवऱ्याची सही कोणत्या रजिस्टरमध्ये घेतात, आणि गर्भपातानंतर त्याच दिवशी नसबंदी किंवा तांबी झालेल्या बायकांचं प्रमाण किती, हे माहिती अधिकारात मागवा. रुग्णांची नावं मागू नका; २०२१ च्या दुरुस्तीने ती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. बायकांशी बोलायला जाल तेव्हा सासू शेतात गेल्याच्या वेळेला जा, आशाताईंना बरोबर घ्या, आणि पहिल्या भेटीत गर्भपाताचा विषय काढू नका. कंबरदुखीपासून सुरुवात केलीत की बाकीचं त्या आपणहून सांगतात.